इंग्रजीच्या पेपरात न शिकवलेले किती असावे?

हायस्कूलच्या इंग्रजीत उत्तम गुण मिळवणाऱ्या एखाद्या मुलीपुढे अनोळखी कथेचे एकच पान ठेवावे आणि तीन साधे प्रश्न विचारावेत. ही गोष्ट कोण सांगतोय? त्याला काय ठाऊक आहे? आणि तो काय सांगायचे टाळतोय? पुष्कळदा गाडी पहिल्याच प्रश्नावर अडते. हीच मुलगी नेमलेल्या कादंबरीतल्या नायकाच्या स्वभावावर दीडशे शब्द न अडखळता लिहून आलेली असते. यात विसंगती काही नाही. स्वभावाचे चार पैलू, प्रत्येकाला एकेक प्रसंग आणि शेवटी एक अवतरण एवढे जमवायला कादंबरी वाचावी लागत नाही. गाईड वाचले तरी भागते.

याचा दोष मुलांना देण्यात अर्थ नाही, शिक्षकांनाही फारसा नाही. परीक्षेत जे विचारतात ते वर्गात शिकवले जाते. जे विचारत नाहीत ते वेळ उरला तर. म्हणून अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत ‘विद्यार्थ्यांमध्ये साहित्याची अभिरुची निर्माण करणे’ असे कितीही उदात्त उद्देश छापले तरी ते छापलेलेच राहतात. बदल पेपरात करावा लागतो, आणि कोणता तेही नेमके सांगता येते. साहित्याच्या गुणांपैकी निम्मे गुण विद्यार्थ्याने आधी कधीही न पाहिलेल्या मजकुराला द्यावेत. उरलेले निम्मे नेमलेल्या पुस्तकांवर असावेत, पण पुस्तक समोर ठेवून लिहायचे. आणि व्याकरणाचा सुटा विभाग काढून टाकून तेच प्रश्न या मजकुरावर विचारावेत.

अनसीन उतारा म्हटला की आपल्याकडे मनात एक ठरावीक चित्र येते: खाली पाच प्रश्न असलेला, पर्यावरण किंवा वक्तशीरपणा यावरचा बेचव परिच्छेद. इथे तो अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे ते खऱ्या लेखकाने खऱ्या वाचकासाठी लिहिलेले पान.

हे प्रमाण इतरत्र कसे ठेवले जाते ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य हे दोन वेगळे विषय आहेत. भाषेचे पेपर अनोळखी उताऱ्यांवर असतात. साहित्याला २०१५पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, १९१४नंतरची एक ब्रिटिश कादंबरी किंवा नाटक आणि कवितांचा एक संच असतो, आणि परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या साहित्याच्या दोन पेपरांना मिळून १६० गुण आहेत. त्यातले अनोळखी कवितांना ३२. म्हणजे पाचवा हिस्सा. उरलेल्या चार हिश्श्यांसाठी मुले अवतरणांची कार्डे करून ती पाठ करत बसतात. पाठांतराला माझा विरोध नाही, कविता तर पाठ असावीच. पण कुठल्या पात्राला कुठले अवतरण चिकटवायचे याची तालीम म्हणजे कविता पाठ असणे नव्हे.

अमेरिकेतल्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) इंग्लिश लिटरेचर या, शाळेत असतानाच दिल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षेची मांडणी जवळजवळ उलटी आहे. नेमलेल्या पुस्तकांची यादीच नाही. तासाभरात ५५ बहुपर्यायी प्रश्न, तेही पेपरातच दिलेल्या उताऱ्यांवर, आणि दोन तासांत तीन निबंध. पहिला निबंध अनोळखी कवितेवर, दुसरा अनोळखी गद्यावर. तिसऱ्यासाठी विद्यार्थी स्वतः वाचलेली एखादी कृती निवडतो. कवितेवर बहुपर्यायी प्रश्न विचारणे हा प्रकार मला पटत नाही, कारण चांगल्या कवितेत दोन पर्याय खरे असण्याची शक्यता नेहमीच असते. पण ही रचना एक गोष्ट निर्विवाद दाखवते. अनोळखी मजकुरावर मोठ्या प्रमाणावर, लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा घेता येते आणि तिचे पेपर तपासताही येतात.

तरीही गाईडचे इतके का चालते? इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा आहे त्यांच्या बाबतीत याचे उत्तर थोड्या आकडेमोडीत आहे. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली मांडलेल्या निष्कर्षानुसार मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असतील तरच बहुतेक वाचकांना तो कोश न उघडता नीट समजतो. नेशन यांनीच २००६मध्ये दाखवले की कादंबरी किंवा वृत्तपत्र या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. शब्दकुटुंब म्हणजे हेल्प, हेल्प्ड, हेल्पफुल, हेल्पलेस हे सगळे मिळून एक. आता ३०० शब्दांचे एक पान घ्या. ९८ टक्के म्हणजे त्यात सहा शब्द अडणार. ९० टक्के म्हणजे तीस. ऐकायला फरक आठ टक्क्यांचा. प्रत्यक्षात दर दहाव्या शब्दाला ठेच. दोनशे पानांचे असे पुस्तक नेमले की मूल ते वाचत नाही, आणि न वाचणे हा त्याचा आळस नसतो. त्याने शहाणपणाने हिशेब केलेला असतो.

म्हणून पुस्तक नेमण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. वर्गातली वेगवेगळ्या कुवतीची पाच मुले घ्यावीत, पुस्तकातली कुठलीही तीन पाने त्यांना द्यावीत आणि अर्थ न कळलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगावी. दर तीनशे शब्दांमागे सरासरी सहाच्या आत असेल तर पुस्तक घरी एकट्याने वाचायला योग्य. सहा ते पंधरा असेल तर वर्गात शिक्षकाबरोबर. पंधराच्या वर गेले तर ते पुस्तक कितीही थोर असले तरी या वर्गासाठी ते नाही. त्यातले एखादे पान घ्यावे आणि पुढे जावे. थोर पुस्तके नेमण्याचा मोह समित्यांना होतो, कारण यादी छापली जाते आणि वाचले किती गेले ते कुठेच छापले जात नाही.

आता व्याकरण. भाषेचा तास वेगळा आणि साहित्याचा वेगळा अशी फाळणी करून आपण दोन्हींचे नुकसान केले आहे. एक वाक्य घेऊ, मुद्दाम साधे:

‘बाय द टाइम द डॉक्टर अराइव्ड, समवन हॅड ऑलरेडी ओपन्ड ऑल द विंडोज.’

तेरा शब्द. एकही अवघड नाही. व्याकरणाच्या तासाला यातून पास्ट परफेक्ट शिकवतात: भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती ते दाखवण्यासाठी ‘हॅड’. साहित्याच्या तासाला विचारतात, लेखकाने वातावरणनिर्मिती कशी केली आहे? खरे तर प्रश्न एकच आहे. हेच वाक्य ‘द फॅमिली ओपन्ड द विंडोज बिफोर द डॉक्टर अराइव्ड’ असे लिहून पाहा. घटना तीच, क्रम तोच. पण आता आपण घरातल्यांबरोबर आधीपासून तिथे आहोत. मूळ वाक्यात आपण डॉक्टरबरोबर उशिरा पोहोचतो आणि उघड्या खिडक्या पाहून काय ते समजतो (कुणी गेले की घराच्या खिडक्या उघडायची जुनी प्रथा इंग्लंडमध्ये होती). ‘समवन’मुळे ते कुणी केले हे कळत नाही, आणि विचारावेसेही वाटत नाही. ‘ऑलरेडी’ सांगते की डॉक्टरची वाट पाहणे घरातल्यांनी केव्हाच सोडून दिले होते. ‘ऑल’ गाळून पाहा. खिडकी हवेसाठी उघडली असेल असे वाटू लागते. मृत्यू हा शब्द कुठेही नाही. ज्या मुलाने हे एकदा करून पाहिले त्याला पास्ट परफेक्ट हा नियम वाटत नाही. वाचकाला कुठे उभे करायचे ते ठरवण्याची ही एक सोय आहे हे त्याला कळते, आणि ती तो स्वतःच्या लिखाणात वापरू लागतो.

याउलट ‘अर्थ न बदलता वाक्य बदला’ हा लाडका प्रश्न घ्या. कर्तरीचे कर्मणी करा. ‘द कमिटी डिसायडेड टू क्लोज द लायब्ररी’चे ‘इट वॉज डिसायडेड टू क्लोज द लायब्ररी’ केले की अर्थ बदलला नाही असे कोण म्हणेल? कमिटी पळून गेली ना! कर्मणी प्रयोगाचा मुख्य उपयोगच हा आहे, आणि नेमका तोच त्या प्रश्नात लपवला जातो.

सुट्या व्याकरणाबद्दलचे संशोधन जुने आहे आणि बरेचसे एका दिशेचे आहे. अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६३मध्ये घेतलेल्या आढाव्यात औपचारिक व्याकरण शिकवण्याचा लेखनावरचा परिणाम नगण्य किंवा हानिकारक ठरवला होता. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या २००७च्या अहवालात चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरचे प्रयोग एकत्र केले होते. त्यात प्रमाण विचलनाच्या पटीत मोजलेला सुट्या व्याकरणाचा परिणाम उणे ०.३२ आला, म्हणजे लेखन थोडे बिघडले, तर छोटी वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाचा अधिक ०.५०. इथे एक सावधगिरी मात्र हवी. हे आकडे मुख्यतः इंग्रजी घरात बोलणाऱ्या मुलांचे आहेत. दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांबाबत जॉन नॉरिस आणि लुर्देस ओर्तेगा यांनी २०००मध्ये केलेल्या आढाव्यात नियम उघडपणे सांगून शिकवणे अधिक परिणामकारक ठरले आहे. त्यामुळे व्याकरण शिकवूच नये असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. नियम सांगावा, नाव सांगावे, तक्ताही दाखवावा. फक्त तो समोरच्या पानातून निघावा आणि दहा मिनिटांत त्याच पानात परत जावा.

वाक्यजोडणीचा सराव कसा दिसतो? चार वाक्ये द्यायची: ‘द बॉय वॉज टायर्ड. ही हॅड वॉक्ड सिक्स माइल्स. ही डिड नॉट सिट डाउन. हिज मदर वॉज वॉचिंग.’ यांचे एक वाक्य तीन वेगवेगळ्या प्रकारे करा. कुणी ‘बिकॉज हिज मदर वॉज वॉचिंग’ने सुरुवात करते, कुणी आईला शेवटी आणते. मग विचारायचे, आई शेवटी आली की काय होते? तो का बसत नाही हे कोडे वाक्य संपेपर्यंत टिकते. आई आधी आली की कोडे उरत नाही, पण मुलावरचा दाब पहिल्या शब्दापासून जाणवतो. कुठले बरोबर, असे विचारू नये. कुठल्या गोष्टीत कुठले शोभेल, हे विचारावे. पंधरा मिनिटांचा हा खेळ आठवड्यातून दोनदा पुरे.

अनोळखी मजकूर वर्गात कसा हाताळायचा याकडे मात्र थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण सगळे बिनसते ते इथे. चाळीस मिनिटांचे दोन तास धरू. मजकूर ३०० ते ३५० शब्दांचा, दर पाचव्या ओळीला क्रमांक, उजवीकडे रुंद समास. वर एक ओळ: कोणत्या काळातले लिखाण, कोणत्या प्रसंगातले. अर्थ अंदाजाने लागणार नाही अशा जास्तीत जास्त सहा शब्दांचे अर्थ खाली. शिक्षकाने आधी संपूर्ण मजकूर न थांबता मोठ्याने वाचावा. अडीच मिनिटे लागतात. मध्ये थांबून शब्दार्थ सांगू नयेत. मग पाच मिनिटे मूकवाचन, हातात पेन्सिल. सूचना एकच: जिथे काहीतरी बदलले असे वाटते तिथे खूण करा. अवघड शब्दाखाली रेघ मारायला सांगितले की मुले कोशाच्या नजरेने वाचतात. बदल शोधायला सांगितले की गोष्टीच्या नजरेने. यानंतर पंचवीस शब्दांत काय घडले ते लिहायचे. हा टप्पा क्षुल्लक समजून गाळला जातो, आणि मग कुठलाही अर्थ कुठल्याही मजकुराला लावण्याची सवय लागते. सरळ अर्थ निश्चित झाल्याशिवाय सूचित अर्थाकडे जाऊ नये. मग जोड्यांमध्ये खुणा पडताळायच्या. दोघांच्या खुणा वेगळ्या ठिकाणी असतील तर उत्तम, बोलायला विषय मिळाला.

दुसऱ्या तासाला एक गोष्ट बदलून लिहायची, १२० शब्दांत. काळ बदला, किंवा निवेदक बदला, किंवा ज्या पात्राला काही बोलू दिलेले नाही त्याच्याकडून तेच सांगा. चार उत्तरे शिक्षकाने नाव न घेता वाचून दाखवावीत आणि मूळ पानाशेजारी ठेवावीत. लेखकाने काय निवडले हे कळायला त्याने काय निवडले नाही ते पाहावे लागते, आणि ते पाहण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

कवितेला वेळ कमी लागतो आणि वाचने जास्त. तीनदा मोठ्याने, तीन वेगळ्या आवाजांत. पहिला प्रश्न कोण कुणाशी बोलतेय हा. दुसरा प्रश्न, वाक्य कुठे संपते आणि ओळ कुठे संपते? ही दोन ठिकाणे जिथे जुळत नाहीत तिथे बहुधा कवितेचे काहीतरी महत्त्वाचे चाललेले असते. अलंकारांची नावे शेवटी, लागलीच तर.

बिघडण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे भाषांतर. शिक्षक पहिली ओळ वाचतात, तिचा मातृभाषेत अर्थ सांगतात, मग दुसरी. पान संपते तेव्हा मुलांनी एका चांगल्या माणसाने सांगितलेली गोष्ट ऐकलेली असते; वाचन कुणीच केलेले नसते, किंवा एकट्या शिक्षकाने केलेले असते. मातृभाषा वर्गातून हद्दपार करा असे म्हणणे नाही. मुलांनी पानाशी एकदा झटापट केल्यावर त्यांना काय वाटले ते त्यांनी हव्या त्या भाषेत बोलावे. अवघड अर्थ मातृभाषेत जास्त नेमका सांगता येतो. क्रम उलटा झाला की घोटाळा होतो.

पेपर काढणाऱ्यांचे काम याहून नाजूक आहे. वाईट अनसीन हे पाठांतराइतकेच निरुपयोगी असते. उताऱ्यात ‘द फेरी वॉज कॅन्सल्ड बिकॉज ऑफ फॉग’ असेल आणि प्रश्न ‘व्हाय वॉज द फेरी कॅन्सल्ड?’ असेल, तर ‘फेरी’ आणि ‘कॅन्सल्ड’ या शब्दांचा अर्थ न कळताही पूर्ण गुण मिळतात. शब्दाला शब्द जुळवायचा आणि वाक्य उचलायचे. म्हणून प्रश्नातले मुख्य शब्द उताऱ्यात नसावेत, आणि निदान दोन प्रश्नांची उत्तरे एकापेक्षा जास्त ठिकाणची माहिती जुळवल्याशिवाय मिळू नयेत. दुसरी चूक, बोध सांगणारे उतारे निवडणे. ज्या मजकुरात लेखकाने सगळे सांगून टाकलेले असते त्यावर विचारण्यासारखे काही उरत नाही. भावना जिथे नाव न घेता दाखवली आहे असे पान शोधावे. तिसरी, कादंबरीच्या मधूनच तुकडा कापणे. पहिल्याच ओळीत ‘ही’ आणि ‘शी’ येतात, कोण कुणाला ठाऊक नसते. चौथी, समितीने ‘सोपे करून’ घेतलेला मजकूर. त्यात लांब वाक्ये तोडलेली असतात, विचित्र पण नेमके शब्द काढलेले असतात, आणि मग लेखकाच्या शैलीवर प्रश्न विचारलेला असतो! शैली तर आधीच कापून टाकलेली असते. सोपे हवे असेल तर मुळात सोपे लिहिणारा लेखक घ्यावा.

उत्तरांचेही दोन रोग आहेत. एक अलंकारशोध: ‘कवीने अनुप्रास वापरल्यामुळे कवितेला नाद येतो व वाचकाची उत्सुकता वाढते.’ हे वाक्य कुठल्याही कवितेला लावता येते, म्हणून कुठल्याही कवितेबद्दल ते काही सांगत नाही. यावर इलाज गुणदानात आहे. नुसते नाव घेतल्याबद्दल शून्य गुण. तो अलंकार नसता तर या ओळीत काय हरवले असते हे सांगितल्याबद्दल गुण. दुसरा रोग साच्याचा. विधान, पुरावा, स्पष्टीकरण अशी तीन पायऱ्यांची चौकट सुरुवातीच्या वर्षी मुलाला उभे राहायला मदत करते. ती शेवटच्या वर्षापर्यंत तशीच ठेवली की प्रत्येक परिच्छेद एकसारखा दिसू लागतो आणि मूल पुरावा आधी शोधून त्याला शोभेल असे विधान मागाहून बनवते.

आक्षेपांपैकी गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत त्यांनाच अनोळखी मजकूर सोपा जाईल; पाठांतराने निदान गरीब मुलाला कष्टाच्या जोरावर गुण मिळतात. हा आक्षेप खरा आहे, आणि निम्म्या गुणांचा बदल केला तरी घरचा फायदा पूर्ण पुसला जाणार नाही. पण आजचा फायदा विकत घेतलेल्या शिकवणीचा आहे, आणि उद्याचा असेल वाचलेल्या पानांचा. पाने शाळा देऊ शकते. रोज वीस मिनिटे मूकवाचन, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ३६ आठवडे: हे ६० तास होतात. मिनिटाला १२० शब्दांच्या संथ गतीनेही चार लाखांवर शब्द वाचून होतात, म्हणजे मध्यम आकाराच्या पाच-सहा कादंबऱ्या. अटी तीन: पुस्तक सोपे असावे, मुलाने स्वतः निवडावे, आणि वाचून झाल्यावर त्यावर प्रश्न विचारू नयेत. तिसरी अट पाळणे शाळांना सगळ्यात जड जाते. वाचनाची वही आली, सारांश आला, सही आली की मुले पातळ पुस्तके शोधू लागतात. शिवाय पेपरातच पायऱ्या असाव्यात: अनसीनच्या गुणांपैकी पहिला तिसरा हिस्सा सरळ अर्थ कळला तरी मिळावा, म्हणजे अडखळत वाचणारे मूल रिकाम्या हाताने परतणार नाही.

दुसरा आक्षेप असा की संदर्भाशिवाय साहित्य वाचणे कृत्रिम आहे. याला केंब्रिज विद्यापीठात एक जुना आधार सापडतो. तिथले समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२०च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचे नाव आणि काळ न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांची लेखी मते १९२९मध्ये पुस्तकरूपाने छापली. तेरा कवितांवरच्या त्या मतांमध्ये चांगल्या शिकलेल्या तरुणांनीही कवितेचा सरळ अर्थच चुकवल्याची उदाहरणे भरपूर आहेत. ठरीव भावना आणि स्वतःच्या असंबद्ध आठवणी त्यांनी कवितेवर लादल्या होत्या. हा प्रयोग दोन्ही बाजूंनी वापरता येतो. नाव काढून घेतले की वाचकाचा आधार जातो हे खरे. पण तो आधार असताना हे सगळे झाकलेले राहत होते, हेही तितकेच खरे. म्हणून काळ आणि प्रसंग सांगणारी ती एक ओळ द्यावी. कवीचे नाव नाही दिले तरी चालेल.

मग पूर्ण पुस्तके कुणी वाचेल का? इथे माझ्या बाजूच्या अनेकांशी माझे जमत नाही. सगळे गुण उताऱ्यांना दिले तर कादंबरी कुणीच वाचणार नाही आणि लांब पल्ल्याचे वाचन संपेल. तीनशे पाने मनात धरून ठेवणे, पहिल्या प्रकरणातल्या वाक्याचा अर्थ शेवटच्या प्रकरणात बदलणे हे उताऱ्यात शिकता येत नाही. म्हणूनच निम्मे, सगळे नव्हे. पुस्तक उघडे ठेवून लिहायच्या प्रश्नात पुस्तकातलेच एक पान छापून द्यावे आणि विचारावे, हे पान इथे नसते तर पुढचे काय वेगळे वाचले असते? यासाठी आधी पुस्तक वाचलेले लागते. समोर पुस्तक असून न वाचलेल्याला काही उपयोग नाही, तो पाने उलटण्यातच वेळ घालवतो. प्रती परीक्षा केंद्राने द्याव्यात, कोऱ्या. घरून आणू दिल्या की समासात उत्तरे लिहून येतात.

उरतो तपासणीचा प्रश्न. कळीचे शब्द शोधत एका मिनिटात तपासता येणाऱ्या उत्तराला इथे तीन-चार मिनिटे लागतील. हा खर्च खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे लागते. मनमानी टाळायला मात्र ठाऊक असलेले उपाय आहेत. एपीमध्ये प्रत्येक निबंधाला सहा गुण असतात: मांडलेल्या मताला एक, पुरावा आणि त्यावरच्या विवेचनाला चार, विचाराच्या प्रगल्भतेला एक. इतके थोडे आकडे असले की दोन परीक्षकांमध्ये फरक पडायला जागाच कमी राहते. तपासणी सुरू होण्यापूर्वी सगळ्या परीक्षकांनी त्याच दहा उत्तरपत्रिका तपासून गुण जुळवावेत. नंतर रोजच्या गठ्ठ्यात आधी गुण ठरलेल्या दोन उत्तरपत्रिका गुपचूप मिसळाव्यात, आणि ज्याचे गुण फार हलतात त्याला थांबवून पुन्हा बसवावे.

बदल एका वर्षात करू नये. पहिल्या वर्षी फक्त नमुना पेपर, त्याबरोबर गुण दिलेली पाच खरी उत्तरे आणि प्रत्येकाला तेवढेच गुण का दिले याची चार ओळींची टीप. दुसऱ्या वर्षी चतुर्थांश गुण, तिसऱ्या वर्षी निम्मे. उतारे निवडण्याचे काम एकट्यावर सोपवू नये. प्रत्येक उतारा दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावा, ठरलेल्या वेळेत पेनाने उत्तरे लिहून पाहावीत आणि मग अदलाबदल करावी. सूचित अर्थाबाबत दोघांचे मत वेगळे पडले तर उतारा ठेवावा. सरळ अर्थाबाबतच वेगळे पडले तर तो बाजूला काढून दुसरा शोधावा, मग छपाईची तारीख कितीही जवळ आलेली असो.